घरबसल्या क्ष-किरण स्रोत ओळखा

अभिनंदन! क्ष-किरणांतल्या आकाशाची यादी तुमच्या हाती पडली आहे, आणि तिच्यातला एक ठिपका नेमका काय आहे ते तुम्ही सांगायचं आहे. घाबरू नका. उत्तर चुकलं तरी ठिपका तक्रार करत नाही.

१. आधी नाव ठेवा. ठिपक्याच्या जागेचे आकडे ओळीने लिहिले की नाव तयार. ते इतकं भारदस्त दिसतं की वस्तूबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

२. फोटॉन मोजा. रोसॅट उपग्रहाने १९९०-९१मध्ये सगळं आकाश धुंडाळलं. त्याच्या मंद स्रोतांच्या यादीत शिरायला सहा फोटॉन पुरत. सहा! यातूनच तापमान, अंतर आणि शोधनिबंध काढायचा आहे. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा, बोटं पुरतील.

३. जागेभोवती वर्तुळ काढा. रोसॅटला जागा कळे ती दहा-वीस विकला इकडे-तिकडे. विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग. आता तोच तुकडा साध्या प्रकाशाच्या छायाचित्रात पाहा. आकाशगंगेच्या पट्ट्यात असाल तर वर्तुळात ताऱ्यांची झुंबड दिसेल. त्यातला सर्वांत झगझगीत तारा पकडा. सगळे नवशिके हेच करतात आणि रात्री शांत झोपतात. बिचारा तारा बहुधा निर्दोष असतो. खरा आरोपी शेजारच्या पुसट डागात, दूरच्या एखाद्या दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर होऊन बसलेला असतो. कधी तर ताऱ्याचा साधा प्रकाशच क्ष-किरणांच्या कॅमेऱ्यात घुसून खोटा स्रोत उभा करतो. तोही ओळखून दाखवा.

४. क्ष-किरणांतल्या तेजाला दृश्य तेजाने भागा. मोठ्या आकड्याला बिचकू नका. १९६२मध्ये रिकार्डो जियाकोनी यांच्या गटाने चंद्रावरून येणारे क्ष-किरण टिपायला रॉकेट सोडलं. चंद्र राहिला बाजूला, वृश्चिकेत भलताच प्रखर स्रोत सापडला. १९६६मध्ये त्याचा धनी मिळाला तो तेराव्या प्रतीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसण्याइतका मंद, एक निळसर तारा! दृश्य प्रकाशापेक्षा त्याचे क्ष-किरण हजारपटीच्या घरात. जियाकोनींना २००२मध्ये नोबेल मिळालं. तुम्हीही धीर धरा.

५. पत्रिका जुळवा. उमेदवाराचं अंतर, रंग, तेज संगणकाला द्या, तो टक्क्यांत गुण सांगतो. जरा कमी पडले तर ‘संभाव्य’ हा शब्द जोडा आणि अक्षता टाका.

६. तरीही कुणी शंका काढलीच तर वर्णपट घ्यावा लागेल. त्यासाठी मोठ्या दुर्बिणीचा वेळ मागा. अर्जात ‘हा स्रोत असामान्य आहे’ असं लिहा. सगळेच तसं लिहितात.

७. वर्तुळात काहीच दिसलं नाही? पेढे वाटा! १९९६मध्ये जाहीर झालेला, दक्षिण मुकुट तारकासमूहातला आरएक्स जे१८५६.५-३७५४ हा स्रोत असाच होता. शेवटी पंचविसाव्या प्रतीहूनही मंद ठिपका सापडला, आणि तो एकटा भटकणारा न्यूट्रॉन तारा निघाला. तुमचं वर्तुळ रिकामं असेल तर मात्र आधी आकडे नीट उतरवलेत का, ते तपासा.

आता गृहपाठ. २०१९मध्ये अवकाशात गेलेल्या ईरोसिटा दुर्बिणीची पहिली यादी जानेवारी २०२४मध्ये खुली झाली. निम्मं आकाश, सहा महिन्यांची पाहणी आणि नऊ लाखांच्या आसपास स्रोत. रोज एक ओळखलात तर सुमारे अडीच हजार वर्षं लागतील. यादी फुकट आहे, आजच बसा.