बँडवाल्याचा कोट

डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, तर मी तीन दिवसांवर तोडतो. भाव न करता घेतलेली वस्तू मला लाभत नाही, हा माझा अनुभव आहे. घरच्यांच्या मते हा रोग आहे. त्यामुळे ताईची मुलगी इंग्लंडात शिकायला गेली आणि तिथून तिने चार पौंडांत घेतलेल्या लोकरी कोटाचा फोटो पाठवला, तेव्हा घरात सगळ्यांनी कोट पाहिला आणि मी विचारलं, "सांगत किती होता?"

"मामा, इथे भाव करत नाहीत. चॅरिटी शॉप आहे."

मग तिने मला सगळं समजावलं. लोक नको असलेले कपडे, पुस्तकं, कपबश्या दुकानाला फुकट देतात, दुकान त्या स्वस्तात विकतं आणि नफा धर्मादाय कामाला जातो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या ग्रीसमध्ये उपासमार झाली, तेव्हा 1942 मध्ये ऑक्सफर्डमधल्या काही लोकांनी मदतीसाठी समिती काढली. तिचीच पुढे ऑक्सफॅम झाली आणि ब्रॉड स्ट्रीटवर तिचं दुकान निघालं. हे सगळं थोर आहे. पण जुना कोट, तोही ठरलेल्या भावात? साहेब आपल्यावर दीडशे वर्षं राज्य करून गेला आणि आपल्याकडून काहीच शिकला नाही.

"आपल्याकडे असं दुकान का नाही?" असं मी ताईला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "दुकान नाही, भिंत आहे. ये बघायला. आणि येताना जुने कपडे घेऊन ये."

म्हणून डिसेंबरात मी नागपूरहून यवतमाळला निघालो. एसटीत पासष्टी ओलांडलेल्यांना अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरीच्या पुढे फुकट. मी चौसष्टचा. दात, गुडघे आणि मोतीबिंदू सगळं पासष्टीच्या पुढचं असून कंडक्टरने आधार कार्डच प्रमाण मानलं. 2023 पासून बायकांना सरसकट अर्धं तिकीट आहे. शेजारची बाई निम्म्या पैशात माझ्याएवढीच जागा अडवून, खरं तर जास्तच, वर्ध्यापर्यंत झोपली. कळंबला जमिनीखाली पायऱ्या उतरून दर्शन घ्यावं लागतं तो चिंतामणी आहे. बसमधूनच हात जोडले.

यवतमाळात माझं एकच श्रद्धास्थान, ते म्हणजे शकुंतला. मूर्तिजापूरहून इथे येणारी नॅरो गेज गाडी. रूळ विलायती कंपनीचे, गाडी चालवणार आपली रेल्वे आणि स्वातंत्र्यानंतरही कंपनीला त्यांचं भाडं चालूच होतं. असा सौदा मला आयुष्यात एकदा जमला असता तर मी नोकरी केली नसती. तिचं वाफेचं इंजिन 1921 मध्ये मँचेस्टरात तयार झालं आणि ते 1994 पर्यंत वापरलं. सत्तर वर्षं एकच इंजिन! मी माझी सायकल इतकी टिकवू शकलो नाही. आता गाडी बंद आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत नवी रेल्वे आली, तिचं सगळ्यांना कौतुक. मला नव्या वस्तूचं कौतुक जरा कमीच.

ताई निवृत्त मुख्याध्यापिका. सेवेतून निवृत्त झाली, मुख्याध्यापिका अजून आहे. माझी पिशवी उघडून तिने एकेक कपडा दोन बोटांत धरून पाहिला.

"हे तू देणार?"

"चांगलं आहे की."

"बाळ्या, यात आरपार माझं अंगण दिसतंय."

त्यातलं निम्मं तिने दारावर आलेल्या भांडेवालीपुढे टाकलं. ही बाई माझी खरी गुरू. तिने माझी पँट उन्हाकडे धरली, बैठकीवर अंगठा घासला, चेन वर-खाली केली, खिशांची अस्तरं बाहेर काढली आणि एक शब्द न बोलता पँट बाजूला सरकवली. चार शर्ट, दोन पँटी आणि भावजींचा एक सफारी यांवर तिने चहाचं गाळणं ठेवलं. मी पातेलं मागितलं. अर्धा तास चालला. शेवटी सफारी परत घेण्याची धमकी दिल्यावर गाळण्यासोबत एक चमचा आला. मी प्रसन्न झालो. ताई म्हणाली, "आता आंघोळ कर आणि चल भिंतीवर."

माणुसकीची भिंत ही कल्पना मूळची इराणातली. 2015 च्या हिवाळ्यात मशहद शहरात कुणीतरी भिंतीला खुंट्या ठोकल्या आणि लिहिलं, नको असेल तर ठेवा, हवं असेल तर न्या. बघता बघता ती आपल्याकडे गावोगाव उगवली. बऱ्याच ठिकाणी उत्साह उतरल्यावर तिथे शिकवणीचे फलक लागले. ताईच्या चौकातली मात्र जिवंत होती, कारण ती ताईच्या चौकात होती. खुंट्यांवर कपडे मापाप्रमाणे, खाली चपला जोडीने, आणि रोज सकाळी ताईची हजेरी.

मी आयुष्यात प्रथमच हतबल झालो. समोर माल पडलेला आणि भाव शून्य. शून्याच्या खाली कसं तोडायचं? एक तपकिरी कोट मनात भरला. घालून बघावा म्हणून अंगातलं बिनबाह्यांचं रुईभरलं निळं जाकीट काढून कठड्यावर ठेवलं. कोटाची एक बाही आत गेली, दुसरी कोपराशी अडली. पाठीमागे हात अडकलेल्या अवस्थेत मी ताईला हाका मारत होतो. ती उशिरा आली आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बाळ्या, मला वाटलं नव्हतं रे तू स्वतःच्या अंगावरचं काढून देशील. आत्ताच एकाला दिलं. लगेच घातलं बघ त्याने."

त्या जाकिटाच्या खिशात माझा चष्मा होता आणि नागपूरच्या घराची किल्ली. (पैसे नव्हते. ते पँटच्या चोरखिशात असतात.) हे सांगितल्यावर ताईच्या डोळ्यांतलं पाणी जिथल्या तिथे आटलं.

"मेडिकलकडे गेला तो. चल."

रिक्षावाल्याने साठ सांगितले. मी तीस म्हणालो. तो निघून गेला. ताई त्यानंतर वाटेत माझ्याशी फक्त सुविचारांत बोलली. चष्म्याविना मला यवतमाळ म्हणजे धुक्यातली काही रंगीत ठिगळं दिसत होती. निळं जाकीट दिसलं की मी धावायचो. पहिलं निघालं ते निळ्या ताडपत्रीने झाकलेलं उसाच्या रसाचं यंत्र. दुसऱ्या जाकिटात एक हवालदार होते. त्यांनी माझी बरीच चौकशी केली. "खिशात माझी किल्ली आहे का बघा," या विनंतीचा त्यांनी जो अर्थ घेतला, तो ताईने आपली जुनी विद्यार्थी-यादी आठवून मिटवला. ते तिच्या सातवी ब मधले निघाले. "बाईंचे भाऊ असे?" हे वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे पूर्ण नाव फक्त पाटीवर, गावाच्या तोंडी मेडिकलच. आवारात रुग्णांचे नातेवाईक चादरी पसरून बसलेले. एका झाडाखाली तो सापडला. जाकीट त्याच्या अंगात नव्हतं. त्याच्या म्हाताऱ्या बापाला घातलेलं होतं, गळ्यापर्यंत चेन लावून. म्हाताऱ्याच्या हाताला सलाईनची पट्टी.

आम्हाला पाहून तो उठला. "बाई, बरं झालं आल्या. खिशात कोनाचा तरी चस्मा अन् चाबी रायली पाय. मी येतच होतो वापस द्याले, पन बुढा एकटा कसा सोडू?" मग माझ्याकडे वळून, "तुमचं हाय काय जी जाकीट?"

"नाही," मी म्हणालो. "ओळखीच्याचं आहे. किल्ली तेवढी हवी होती."

ताई काहीच बोलली नाही. साठ वर्षांत असं झालेलं मला आठवत नाही.

चष्मा लावल्यावर तो नीट दिसला. राळेगावकडचा, चार एकर कापूस. मी सवयीने विचारलं, काय भाव गेला? त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 7,521 होता. सीसीआयच्या सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, 12 च्या वर गेला की कापूसच घेत नाहीत. बाप दवाखान्यात, वाळवत कोण बसणार? त्याने खाजगीत दिला.

"भाव नाही केलात?"

तो हसला. "भाव थो सांगते ना जी, घेनारा. आपन काट्यावर गाडी लावाची."

त्याने पिकवल्या कापसाची रुई अंगावर घ्यायला त्याच्या बापाला भिंतीशी रांग लावावी लागते, हे मला तिथे उभ्या उभ्या फार झोंबलं. मी कुणावर तरी ओरडणार होतो, पण समोर ओरडण्याजोगं कुणी नव्हतं. म्हातारा मजेत होता. त्याने जाकिटाच्या खिशात हात घालून एक पेपरमिंट काढली. माझीच होती, वर्ध्याला सुट्ट्या पैशांऐवजी मिळालेली. ती त्याने मला दिली.

यवतमाळ पठारावर आहे. तिथे संध्याकाळी जी थंडी पडते ती नागपूरकराला भित्रं करते. माझ्या अंगात एक शर्ट. ताई भिंतीवर गेली आणि मापात बसेल असा एकच कोट घेऊन आली. लाल मखमली. छातीवर सोनेरी दोऱ्यांची वेलबुट्टी, पितळी बटणं, खांद्यावर झालरी, पैकी डावी झालर गळलेली. कुण्या बँडवाल्याने दान केलेला.

"हा मी घालून जाऊ?"

"भावजींचं स्वेटर देते मग."

"नको," मी म्हणालो. भावजींचं स्वेटर परत पाठवायला कुरिअरला पैसे पडतात.

एसटीत चढलो तर कंडक्टर म्हणाला, "बाकीची पार्टी कुठंय? ढोल आत नाई घेनार, टपावर टाका." मी खिडकीशी जाऊन तोंड बाहेर केलं. शेजारी पागोटं बांधलेले एक काका येऊन बसले. त्यांनी माझं एकेक बटण न्याहाळलं. अखेर राहवेना.

"फाल्गुनात तारीख रिकामी हाय काय? पोरीचं लगन हाय."

मी खरं सांगणार होतो. शपथेवर. पण सकाळच्या चमच्यानंतर माझा एकही सौदा जमला नव्हता, आणि बोलताना तोंडातून वेगळंच निघालं.

"किती माणसं?"

"अठरा असली तं बरं दिसन."

"पंचवीस हजार."

"बाप्पा! पंचवीस? चंद्रावर जाची हाय काय वरात? बारा."

"बारात बिनझालरीची माणसं येतील," मी डावा खांदा दाखवला.

त्यांनी मान डोलावली. इथे माणूस कसलेला होता. त्यांनी घोडा काढला. मी घोड्याचा चारा वेगळा लावला. त्यांनी नवरदेव हलका आहे म्हणून चाऱ्यात सूट मागितली. मी नागीण धून जादा धरली. त्यांनी ती जेवणावर वळती केली. मागच्या बाकावरचे दोघं पुढे सरकले, एक त्यांच्या बाजूने, एक माझ्या. इतका देखणा सौदा मी जन्मात केला नव्हता, आणि पदरचं काही जात नव्हतं. कळंबच्या अलीकडे अठरा हजारांवर तुटलं, घोडा सोडून, दोन रात्रींचं जेवण धरून.

काकांनी विसार म्हणून शंभराची नोट पुढे केली. ती मी घेतली नाही, याची नोंद व्हावी. "विश्वासाचं काम आहे," असं म्हणालो. त्यांना माझं फार कौतुक वाटलं.

"मंग फोन नंबर तं देऊन ठेवा, मास्तर."

मी ताईचा दिला.