पारायण करावे की चाळावे?

हिंजवडीत वाचन संपलं असं म्हणणाऱ्याने एखाद्या डेव्हलपरला ऑफर लेटर वाचताना पाहिलेलं नसतं. सीटीसीमध्ये ग्रॅच्युइटी धरली आहे का, व्हेरिएबल पे कुठल्या अटीवर, नोटीस पिरियड साठ दिवसांचा की नव्वद, सगळं तो स्वल्पविरामासकट वाचतो. मग तो रुजू होतो, स्क्रीनवर ‘पोर्ट ८०८० आधीच वापरात आहे’ अशा अर्थाची एक स्वच्छ ओळ येते आणि तो तिचा फोटो ग्रुपवर टाकतो : “कुणाला काही कल्पना?”

याच्या उलट आमचे एक पारायणवाले. ते जावाची अधिकृत संहिता पहिल्या पानापासून वाचायला बसले. अडचण एवढीच, की २०१८ पासून जावाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते आणि त्यांच्या वाचनाचा वेग त्याहून संथ. स्टॅक ट्रेसही ते वरूनच सुरू करतात. दीडशे ओळी, बहुतेक फ्रेमवर्कच्या पोटातल्या. खरं दुखणं बऱ्याचदा तळाच्या ‘कॉज्ड बाय’पाशी. ते तिथे पोचेपर्यंत क्लायंटचे फोन सुरू झालेले असतात. स्टॅक ट्रेस ही चाळायचीच चीज आहे. आपल्या पॅकेजचं नाव शोधावं, बाकीच्यांना नमस्कार करून पुढे जावं. इथे माझं मत बिनशर्त चाळणाऱ्यांना.

कोड रिव्ह्यूला मात्र मी पक्ष बदलतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती काढावी लागली. ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. वरच्या ‘इफ’ला महिरपी कंस नव्हते, त्यामुळे पहिली ओळ अटीत राहिली आणि दुसरी मोकाट सुटली. पुढची सहीची तपासणी टळायची आणि निकाल यायचा, सगळं ठीक. दोन्ही ओळी एकाखाली एक, सारखाच समास सोडून, दिसायला कशा सज्जन! चाळणारा डोळा अशा नीटनेटकेपणावर भाळतोच.

ओपनएसएसएलच्या हार्टब्लीडचंही तेच. “माझा निरोप चौसष्ट केबीचा आहे” असं सांगून समोरच्याने एकच अक्षर पाठवलं, तरी सर्व्हर त्याच्या शब्दाखातर उरलेली भरती स्वतःच्या मेमरीतून करून द्यायचा. त्यात कुणाचा पासवर्ड असला तर तोही. खरी लांबी तपासायची राहून गेली होती. हा कोड रिव्ह्यू होऊन आत आला तो ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री. बाहेर फुटलं एप्रिल २०१४ मध्ये. तारीख बघितल्यावर रिव्ह्यू करणाऱ्यावर रागावणं मला तरी जमत नाही.

आमच्याकडे दहा ओळींच्या बदलावर व्हेरिएबलच्या नावावरून वाद रंगतो आणि दोन हजार ओळींवर ‘एलजीटीएम’ इतक्या तत्परतेने येतं की स्क्रोलबारलाही संशय यावा. आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी १९७६ साली यावर उपाय मांडला होता : चौघांनी एकत्र बसायचं आणि एकाने तो मजकूर आपल्या शब्दांत बाकीच्यांना समजावून सांगायचा. उत्तम पद्धत. फक्त त्यासाठी मीटिंग रूम रिकामी सापडायला हवी.

तेव्हा विनंती एवढीच. पुल रिक्वेस्ट लहान ठेवा, शुक्रवारी संध्याकाळी पाठवू नका. आणि पाठवायचीच असेल, तर रिव्ह्यूला आमच्या पारायणवाल्यांना घाला. ते सोमवारपर्यंत पहिल्या फाइलमध्येच असतील.