खबर आणि हिशेब

लंडनच्या ‘क्यूटसर्किट’ या कंपनीने मिठीचा सदरा काढला. तो अंगात घालून आपण स्वतःलाच कवटाळायचं. मिठी किती घट्ट, किती वेळ, हात कुठे, काळजाचे ठोके कसे, ही सगळी नोंद फोनवरून पलीकडच्या सदऱ्याला पोचते आणि तो आपल्या माणसाला तिथल्या तिथे आवळतो. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००६च्या उत्तम शोधांत त्याला जागा दिली. शोध मोठाच. पण मुलाला स्टेशनवर सोडायला गेलेले आपले बाबा गाडी हलेपर्यंत “पाण्याची बाटली घेतलीस ना?” यापलीकडे जात नाहीत. त्यांना दिवाणखान्यात उभं राहून स्वतःला मिठी मारा म्हणून सांगणार कोण? आणि त्यांनी मारलीच, तर पोरगा नेमका साहेबासमोर बसलेला असायचा.

मला भावतो तो जपानचा किटली-उद्योग. टोकियोतल्या इकेबुकुरो भागात १९९६ साली एक वृद्ध आई आणि तिचा आजारी मुलगा घरात मरण पावले आणि बरेच दिवस कोणाला पत्ताच लागला नाही. ती बातमी अनेकांच्या जिव्हारी लागली. त्यातूनच ‘झोजिरुशी’ कंपनीची ‘आय-पॉट’ २००१ साली आली. दिसायला पाणी गरम ठेवणारी साधी विजेची किटली. म्हाताऱ्या आईने चहासाठी पाणी घेतलं की त्याची नोंद होते आणि ती ईमेलने दूरच्या मुलाला जाते. आईने काही शिकायचं नाही, कुठलं बटण शोधायचं नाही. तिने फक्त चहा प्यायचा.

ही युक्ती आपल्याला नवी नाही. “पोचलास की मिस्ड कॉल दे” हे वाक्य आपल्याकडे घराघरांत ऐकू यायचं. रिंग वाजायची, कोणी उचलायचं नाही, आई देवाला हात जोडायची. पैसा खर्च नाही, शब्द खर्च नाही. त्याआधी एसटीडी बूथवर रात्री अकरानंतरच्या पाव दरासाठी रांगा लागत आणि मीटरचे लाल आकडे पळू लागले की माया आटोपती घ्यावी लागे.

आता व्हिडिओ कॉल फुकट आहे, आणि पंचाईत तिथेच आहे. आजीचं अर्धं कपाळ आणि पूर्ण पंखा दिसतो. “जेवलात?” “हो.” “काय केलं होतं?” “नेहमीचंच.” मग दोन्हीकडे शांतता, आणि त्या शांततेत एकमेकांकडे बघत हसायची सक्ती. प्रत्यक्ष घरात कोणी असं समोरासमोर बसून हसतं का? तिथे एक पेपर वाचतो, एक शेंगा सोलते, आतून मिक्सर ऐकू येतो. जवळ असणं म्हणजे बरंचसं तेवढंच. किटलीला ते कळलं, कॅमेऱ्याला नाही.

पण आपल्याकडे किटलीही जपून आणायला हवी. न्यू जर्सीतल्या लेकाला नोंद दिसली की रात्री त्याचा फोन येणार, “आई, आज चौथा चहा? शुगरचं काय?” दुसऱ्या दिवसापासून आई गुपचूप गॅसवर पातेलं ठेवणार, आणि किटली गप्प म्हणून लेक शेजाऱ्यांची दारं वाजवायला लावणार. लांबच्या माणसाला आपली खबर असावी, हिशेब नसावा. आई उठली, तिने चहा केला, एवढं त्याला कळू दे. साखर किती घातली, ते तिचं तिच्यापाशी.