बुडत्या टीव्हीला काडी

मराठी मध्यमवर्गीय घरात टीव्ही सहसा मरत नाही, त्याची बदली होते. दिवाणखान्यातून बेडरूममध्ये, तिथून गावाकडच्या घरी, आणि तिथे वाडवडिलांच्या फोटोखाली तो उरलेलं आयुष्य मानानं काढतो. चित्र दिसतंय, आवाज येतोय, मग बदलायचा कशाला, या प्रश्नापुढे भलेभले सेल्समन गप्प होतात. दहा-बारा वर्षांपूर्वीचा बत्तीस इंची सपाट टीव्ही तर प्रकृतीनं ठणठणीत असतो. त्याला फक्त इंटरनेट येत नाही. अशा टीव्हीसाठी बाजारात एक काडी मिळते. दुकानदार तिला ‘स्टिक’ म्हणतो, केबलवाला ‘डोंगल’, आणि आमची आई ‘ते मागे खुपसलेलं’.

गूगलनं २०१३ साली क्रोमकास्ट काढलं तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ३५ डॉलर होती. त्याला रिमोट नव्हताच, फोनवरूनच सगळा कारभार. भारतात ते २०१४च्या अखेरीस २,९९९ रुपयांना आलं. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक इथे २०१७ साली ३,९९९ला आली, २०२०मध्ये तिची ‘लाइट’ नावाची धाकटी बहीण पुन्हा २,९९९ला, आणि त्याच वर्षी शाओमीची २,७९९ला. मधल्या काळात रिक्षा वाढली, तूरडाळ वाढली, अमृततुल्यातला चहासुद्धा वाढला. ही वस्तू मात्र तीन-चार हजारांच्या आसपासच घोटाळत राहिली. इतकी सोशिक किंमत पाहिली की कुठल्याही सदाशिवपेठी मनात पाल चुकचुकावी, आणि ती चुकचुकते ते बरोबरच आहे. टीव्ही लावल्यावर समोर येणाऱ्या पहिल्या पानावरची जागा काडीवाल्यांनी जाहिरातदारांना विकलेली असते. रिमोटवर जी रंगीत नाममुद्रांची बटणं असतात, त्यांच्यासाठीही त्या त्या कंपन्या पैसे मोजतात. थोडक्यात, आपण पदरचे पैसे घालून दिवाणखान्यात एक फलक लावून घेतो आणि त्यावरची धूळही आपणच पुसतो. मला याचा फारसा राग येत नाही. नव्या टीव्हीचे पैसे वाचतात, आणि फुकटच्या फलकांची सवय आपल्याला चौकाचौकांतल्या वाढदिवसांच्या शुभेच्छांनी लावलेलीच आहे.

खोक्यावरच्या आकड्यांवरून काडी निवडणारा एक पंथ आहे. त्यांचं पहिलं दैवत फोर-के. आता बत्तीस इंची ‘एचडी रेडी’ टीव्हीच्या पडद्यावर बहुधा १३६६ बाय ७६८ ठिपके असतात. फुल एचडीचे १९२० बाय १०८०सुद्धा त्यात मावत नाहीत, मग फोर-केचे ३८४० बाय २१६० कुठे बसवायचे? चहाच्या कपात हंडा उपडा करण्यातला हा प्रकार. त्यापेक्षा रॅम बघावी. स्वस्त काडीत ती १ जीबी असते, साठवणीला ८ जीबी, आणि त्यातली बरीच जागा काडीनं स्वतःच आधी अडवलेली असते. पाच-सहा ॲप भरली की तिला धाप लागते. आपण बटण दाबतो, काही होत नाही. म्हणून पुन्हा दाबतो, आणि मग दोन्ही दाबण्यांचं फळ एकदम मिळतं. उपाय सोपा आहे, एखादं ॲप काढून टाकावं. ते कुणाचं काढायचं, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.

पण खरी परीक्षा टीव्हीच्या मागे होते. भिंतीला टांगलेला टीव्ही आणि भिंत यांच्यातली फट लहान मुलाच्या मनगटाच्या मापाची असते. तिथे मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात एचडीएमआयचं भोक शोधायचं. काडी जाडीमुळे आत बसत नाही, म्हणून खोक्यात वीतभर वायर दिलेली असते, आणि ती वायर आपण ‘ही कसली?’ म्हणून आधीच ड्रॉवरमध्ये ठेवलेली असते. मग विजेचं काय? टीव्हीच्या यूएसबीतून ती घेता येईल, असं प्रत्येक काटकसरी माणसाला वाटतं. जुन्या टीव्हीचं यूएसबी साधारण अर्धा अँपिअर देतं, आणि काडीला लागतो एक. ती सुरू होते, पण मालिकेत नायिका दार उघडणार तेवढ्यात दम तोडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे तिच्यासोबत आलेला ॲडॅप्टरच हवा, आणि ॲडॅप्टर म्हणजे प्लग. टीव्हीमागच्या एक्स्टेन्शन बोर्डावर टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि डासांचं औषध अशी चार मंडळी पूर्वापार बसलेली असतात. काडीसाठी उठायचं कुणी? आमच्याकडे डास उठले, म्हणजे त्यांचं औषध उठलं. त्या महिन्यात आम्ही जे काही पाहिलं ते खाजवत पाहिलं.

पुण्यात टीव्ही नवा होता तेव्हा मुंबईचं चित्र सिंहगडावरच्या प्रक्षेपकावरून शहरातल्या गच्च्यांवर उतरायचं. मधे डोंगर, खडकवासल्याचं पाणी, अख्खं शहर. आज तेच चित्र राउटरपासून बेडरूमपर्यंत यायला एक स्वयंपाकघराची भिंत आडवी येते. वाय-फायची ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान पण नाजूक, भिंत दिसली की खचते. २.४ची दणकट, पण तिच्यावर शेजारच्या सगळ्या बिऱ्हाडांची वर्दळ. फोनच्या हॉटस्पॉटवर भागवू म्हणणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत डेटा खाऊ शकतं, आणि रोजच्या दीड-दोन जीबीच्या रिचार्जमध्ये चित्रपटाचं मध्यंतरसुद्धा येत नाही.

मग पासवर्ड. तो रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर गाठत टाकायचा असतो, आणि घरातली सगळी माणसं त्या वेळी मदतीला बसलेली असतात. आपला पासवर्ड म्हणजे विकून टाकलेल्या स्कूटरचा नंबर आहे, हे त्या दिवशी सर्वांना कळतं. एवढं करून आत गेल्यावर समजतं की नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा प्लॅन फोनवर आणि टॅबवरच चालतो, टीव्हीवर नाही.

आईची कसोटी या सगळ्यापलीकडची. तिला चॅनेलचे नंबर तोंडपाठ. तो नंबर दाबला की सात वाजता मालिका आपोआप हजर असते, तिला बोलवावं लागत नाही. काडीपुढे बसून तिनं पहिला प्रश्न विचारला, “अरे, पण आत्ता काय चालू आहे?” आत्ता काहीच चालू नाही, तू म्हणशील ते चालू होईल, हे मी नाना तऱ्हांनी समजावलं. “मी कशाला काही म्हणू?” ती म्हणाली. मला वाटतं, या धंद्यातल्या कुणाकडेही याचं उत्तर नसावं. रिमोटचीही गंमतच. ‘लाइट’ काडीच्या रिमोटला तर आवाजाचं बटणच नव्हतं; तशी काडी घेतली की आवाजासाठी टीव्हीचा वेगळा रिमोट, केबलसाठी तिसरा, आणि त्यातला हवा तो नेहमी कुणाच्या तरी मांडीखाली. मात्र कुकरची शिट्टी झाली की मालिका थांबवता येते हे कळल्यावर आईचं मत सौम्य झालं. आता ती खलनायिकेला वाक्याच्या मधे तोंड उघडं ठेवून थांबवते आणि आमटीला फोडणी घालून येते. थांबवणं जमलं, तसं मागे नेणंही जमलं. “काय म्हणाली गं ती?” हा प्रश्न घरातून जवळपास हद्दपार झाला.

काडीला वाटतं की आमच्या घरात एकच माणूस राहतो. त्याला कीर्तन आवडतं, कोरियन प्रेमकथा आवडतात, आणि ड्रिल मशिनची तुलना करणारे व्हिडिओ तो रात्री उशिरा बघतो. माझी मुलगी म्हणते, “बाबा, सगळ्यांची वेगळी प्रोफाइल करू या.” मला या संयुक्त गृहस्थाचा लळा लागलाय, म्हणून मी टाळतो.

‘आयुष्यभर सगळं फुकट’ सांगणारे निनावी बॉक्सही दुकानांत असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. २०२३ साली संशोधकांना असल्या काही स्वस्त अँड्रॉइड बॉक्समध्ये कारखान्यातूनच भरून आलेला घातक सॉफ्टवेअरचा माल सापडला होता. शिवाय आवश्यक ते प्रमाणपत्र नसलेल्या बॉक्सवर नेटफ्लिक्ससारखी ॲप चाललीच तर धूसर चित्रात चालतात. म्हणजे चोर घरात घ्यायचा आणि वर सिनेमाही नीट दिसायचा नाही.

परवा शेजारचे काका आले. त्यांचा टीव्ही मोठा, महाग आणि जन्मतःच स्मार्ट. पण त्यातली सिस्टम आता म्हातारी झाली, अपडेट येईनात, ॲप उघडता उघडेनात. पडदा अगदी नव्यासारखा. “तुमच्यासारखी काडी आमच्या टीव्हीला चालेल का हो?” त्यांनी जरा ओशाळून विचारलं. मी रॅमबद्दल काही बोललो नाही, आधी मागच्या बोर्डावर एखादं भोक रिकामं आहे का ते विचारलं. आहे म्हणाले. म्हटलं, “मग घेऊन टाका, निम्मं काम झालंय.”