लिस्बनातला सोमवार

पलीकडची वयनी तीन महिने लेकीकडे लिस्बनला राहून चतुर्थीच्या तोंडावर कणकवलीला परत आली. बॅगा उघडायच्या आधीच गडग्याशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता नातवाचं कौतुक सुरू होणार, नाक कोणावर, रंग कोणावर. तर ही म्हणते, "बाये, थय सोमवारी माजी खूप पंचाईत झाली."

तिचं चेडू मडगावात दिलंय. जावयाचे आजोबा १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले, म्हणजे पोर्तुगीज अमलातले. त्या आधारावर जावयालाही तिकडचा पासपोर्ट मिळाला. गोव्यातली कितीतरी पोरं अशीच तिकडे गेलीत. तर वयनी बाळंतपणासाठी डिंकाचे लाडू, अळीव आणि कुळथाचं पीठ घेऊन गेली आणि परत आली ती गोडाच्या दुकानांच्या गोष्टी घेऊन.

झालं असं, की जावयाला सुट्टी सोमवारची. तो सगळ्यांना घेऊन बेलेंला गेला. बेलें म्हणजे लिस्बनच्या पश्चिमेला, तेजो नदीच्या काठी. तिथल्या जेरोनिमुश मठात वास्को द गामाचं थडगं आहे. पण मठ सोमवारी बंद! मग जावई म्हणाला, मठ नाही तर नाही, मठातलं खाणं तरी खाऊ. जवळच दुकान आहे, १८३७ पासूनचं. बाहेर रांग, आत खोलीतून खोली, भिंतींना निळ्या-पांढऱ्या फरशा. त्याने थाळीभर गरम पास्तेल आणून समोर ठेवले. वयनीने विचारलं, ह्यात काय? जावई म्हणाला, दूध, साखर, मैदा आणि अंड्याचा बलक.

"मी म्हटलंय, आज माजो सोमवार."

"मगे?"

"मगे काय! बिनदुधाची काळी कॉफी घेवन बसलंय. जावयाचा तोंड एवढासा झाला. पण गो, माका खावचा नव्हता म्हणान मी बघीत बसलंय. आणि जा मी बघितलंय ता खाणाऱ्यांनी बघूकच नाय."

हे मात्र खरं असणार. वयनीची नजर म्हणजे नजर. बाजारात सुरमईचा कल्ला उघडून कोळणीला ऐकवणारी बाई ती. तिने जे सांगितलं ते असं: तळहातात मावेल एवढी मैद्याची वाटी, कडेला पापुद्र्यावर पापुद्रे. आत पिवळं, थलथलीत. आणि वर काळे डाग, चांगले करपलेले. तिला वाटलं, जळका माल ह्यांच्या गळ्यात मारला. मग आजूबाजूला पाहिलं तर प्रत्येकाच्या थाळीत तसेच डाग. भट्टीची आच तीनशे अंशांच्या आसपास, त्यात काही मिनिटंच ठेवायचं. डाग नसले तर तिकडच्या गिऱ्हाइकाला कच्चं वाटतं. टेबलावर दोन डब्या, एकीत दालचिनीची पूड, दुसरीत पिठीसाखर. म्हातारे लोक दालचिनी आधी घालतात, पोरं साखर आधी, आणि एकावर कोणी थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ती जावयाला हट्टाने परत घेऊन गेली. "श्रावण लागलो नव्हतो ह्याच नशीब!"

मी विचारलं, "कसा होता?"

"गोड कमी. आपल्या लोकांका कमीच वाटतला. पण गरम खाल्लास तर खाल्लास. थंड झालो की संपलो."

ह्या दुकानाची कृती म्हणे आत एका बंद खोलीत तयार होते आणि ती अगदी मोजक्या कारागिरांनाच ठाऊक असते. बेलेंचं नाव फक्त ह्यांच्या पास्तेलला. बाकी साऱ्या लिस्बनने आपल्या मालाला 'पास्तेल द नाता' म्हणायचं. नातवाला गाडीत घालून फिरवायच्या निमित्ताने वयनीने ही बाकीची दुकानंही पालथी घातली. शियादू नावाच्या भागात 'मांतेगारिया' आहे, तिथे काचेपलीकडे कारागीर काम करताना दिसतात. मैद्याच्या पातळ पोळीची लोण्यासकट गुंडाळी करतात, तिच्या बोटभर चकत्या कापतात, चकती उभी साच्यात ठेवायची आणि ओल्या अंगठ्याने मधून दाबत कडेपर्यंत वर चढवायची. अंगठा फिरला की वाटी तयार. भट्टीतून नवा घाणा निघाला की घंटा वाजवतात, रस्त्यावरची माणसं आत वळतात आणि उभ्याउभ्याच खातात. बसायला जागा जवळजवळ नाहीच. दीड युरोच्या आत-बाहेर एक, म्हणजे आपले शंभर-दीडशे रुपये. वयनीने गडग्यावर ओला अंगठा ठेवून मला तो दाब करून दाखवला. कांदेनवमीची भजी नीट गोल न जमणारी ती बाई, पण अंगठा झकास फिरला.

आता एवढा बलक आला कुठून, हा माझा प्रश्न. ह्याचं उत्तर तिला तिच्या जावयाने दिलं होतं. तिकडच्या मठांत जोगिणी आपल्या कपड्यांना कडक करायला अंड्याचा पांढरा वापरायच्या. पांढरा गेला इस्त्रीत, पिवळा उरला. मग साखर घालून त्याचं गोड. साखर तर त्यांच्या जहाजांनी आणलेली, उणी नव्हती. मठामठात वेगवेगळे प्रकार निघाले. १८३४ मध्ये सरकारने धर्मसंघ बंद केले, मठातले लोक उघड्यावर आले आणि पोटासाठी हे पदार्थ विकायला लागले. बेलेंचं दुकान त्यातूनच निघालं. आणि नावं तरी कशी! एकाचं नाव 'जोगिणीचं पोट', दुसऱ्याचं 'स्वर्गातली डुकराची चरबी'. चरबीच्या नावावर वयनी दोन दिवस अडून बसली होती. त्यात बदाम, साखर आणि बलक असतो, पण काही घरांत खरोखरच डुकराची चरबीही घालतात, म्हणून तिने ते शेवटपर्यंत तोंडात घातलं नाही. मी म्हटलं, शहाणी आहेस.

इथे विहीणबाईंचा विषय निघणारच होता. मडगावच्या विहीणबाई एकदा फोनवर म्हणाल्या होत्या, एवढ्या लांब जाऊन बलक कसला खाता, आमच्या गोव्यात बेबिंका आहे. आणि मला सांगायला बरं वाटत नाही, पण ह्या एका बाबतीत विहीणबाईंचं बरोबर आहे. तीच अंडी, तोच बलक, पण गोव्यात आल्यावर त्यात नारळाचं दूध आणि तूप शिरलं. जुन्या गोव्यात सांता मोनिका नावाचा जोगिणींचा मोठा मठ होता, बेबिंका तिथेच जन्मली असं सांगतात. एक थर ओतायचा, वरून विस्तव ठेवून भाजायचा, तांबूस झाला की त्यावर दुसरा. सात थर तर सात, खानदानी घरात सोळा. अर्धा दिवस जातो. २०२३ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पणजीच्या फोंताइन्यशमध्ये एक जुनी कन्फेतारिया आहे, १९३० ची, तिथे मिळते. रेल्वेने गेलं तर करमळीला उतरायचं. वयनी म्हणाली, "आपण जावया, पण विहिणीक सांगू नको."

एवढ्यात रस्त्यापलीकडचे भाऊ दुधाची किटली घेऊन आले. गोडाचं नाव ऐकून उभे राहिले. भाऊ निवृत्त झाल्यावर एका सहल कंपनीबरोबर युरोप करून आलेत, आणि त्यांचं दुःख जुनं आहे: बारा देशांच्या नादात रोज रात्री पनीर आणि जिरा राईस. व्हिएन्नात मात्र त्यांना अर्धा तास मोकळा मिळाला होता, तेवढ्यात ते पळत जाऊन जाखर हॉटेलचा केक लाकडी पेटीतून घेऊन आले. ती पेटी त्यांच्या शोकेसमध्ये अजून आहे. केकचा एकेक तुकडा आम्हाला सगळ्यांना दिला होता. मला तेव्हा तो कोरडा लागला, पण बोलले नव्हते. आज भाऊ म्हणतात, तिकडे तो बिनसाखरेच्या घुसळलेल्या सायीबरोबर देतात. मग भाऊ, तेव्हाच सांगायचं नाही का! कणकवलीत साय कमी आहे?

पण भाऊंना केकपेक्षा त्याच्या कज्ज्यात रस. १८३२ मध्ये मेटर्निख नावाच्या मुत्सद्द्याकडे पाहुणे यायचे होते, मुख्य आचारी आजारी, म्हणून सोळा वर्षांच्या फ्रांत्स जाखर नावाच्या उमेदवाराने हा चॉकलेटचा केक केला. त्याचा मुलगा एदुआर्त, तो आधी डेमेल नावाच्या जुन्या दुकानात शिकला आणि मग १८७६ ला त्याने स्वतःचं हॉटेल काढलं. पुढे हॉटेल दिवाळ्यात निघालं, घराण्यातल्या माणसाने हक्क डेमेलला दिले आणि हॉटेलचे नवे मालक म्हणाले, खरा केक आमचा. झालं! १९३८ पासून कुरबूर, मग महायुद्ध, मग पुन्हा कोर्ट. मुद्दे काय, तर जर्दाळूचा जाम एकदाच वरच्या चॉकलेटखाली लावायचा, की केक मधून कापून तिथेही लावायचा. लोणी की मार्गारीन. शेवटी १९६३ मध्ये कोर्टाबाहेर मिटलं. 'मूळ' हा शब्द हॉटेलला, डेमेलला एदुआर्तचं नाव आणि तिकोनी शिक्का.

"तारीख पे तारीख जामाच्या रेषेवरून!" भाऊ खूश होऊन म्हणाले. भाऊंचा स्वतःचा सामायिक जमिनीचा दावा कणकवलीच्या कोर्टात कधीचा पडून आहे. त्यामुळे जाखर घराण्याबद्दल त्यांना आतून माया.

पॅरिसचं वयनीने पटकन आटोपलं. जावयाने चार दिवस नेलं होतं. मोंतॉर्गय रस्त्यावर 'स्तोरेर' म्हणून दुकान, १७३० चं. पोलंडची राजकन्या पंधराव्या लुईची राणी होऊन आली, तिच्याबरोबर आलेल्या गोडाच्या कारागिराने काढलेलं. तिथला बाबा नावाचा केक रममध्ये भिजवलेला असतो. वयनीने वास घेतला आणि थाळी जावयापुढे सरकवली. दुसरं, रिव्होलीच्या रस्त्यावरचं 'आंजेलिना', १९०३ पासूनचं, तिथला 'मों ब्लां'. वरून चेस्टनटच्या लगद्याच्या शेवया, थेट आपले शिरवाळे, फक्त रसाच्या जागी साय आणि तळाला अंड्याच्या पांढऱ्याचा कुरकुरीत गोळा. तो तिला आवडला. पण किंमत ऐकून जीव वर गेला. नावाजलेल्या दुकानांत एका माणसाच्या एका पेस्ट्रीला आठ-दहा युरो सहज. म्हणून तिने तिकडे नियमच केला: एका दुकानात एकच पदार्थ, जो त्या दुकानाचा म्हणून ओळखला जातो तोच, आणि तिथेच खायचा. पेटीत बांधून घरी न्यायचं नाही. शेजारच्या टेबलावर सहा पेस्ट्र्या मांडून नुसते फोटो काढणारी पोरं तिला दिसली. तोवर साय खाली बसली. मला विचाराल तर असल्या पोरांना सहाही रंग आठवतील, चव एकीचीही नाही.

मग वयनीने मुद्द्याला हात घातला. म्हणाली, लिस्बनात तिला एका पोर्तुगीज बाईने विचारलं, तुमच्या गावचं गोड कुठलं आणि कुठल्या दुकानात मिळतं? "मी काय सांगू?"

मी म्हटलं, "खाजा सांगायचा."

"खाजा सांगितलंय. दुकान खयचा सांगू?"

हे मला पटलं आणि टोचलंही. मालवणी खाजा पुडीत बांधलेला सगळीकडे मिळतो, पण खरा खायचा तर जत्रेत, आंगणेवाडीला नाहीतर कुणकेश्वरला. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, आलं घातलेला गुळाचा पाक, समोर कढईत घोळवतात आणि पाक सुकतो न सुकतो तोच हातात. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख तर देवीच्या कौलाने ठरते, कॅलेंडरात आधी छापलेली नसते. पोर्तुगीज बाईला काय म्हणणार, देवी सांगेल तेव्हा ये? आणि धोंडस तर जत्रेतही नाही. मोठं पिवळं तवसं किसायचं, तांदळाच्या कण्या भाजून घालायच्या, गूळ, खोबरं, वेलची, टोपात हळदीच्या पानावर लावायचं आणि झाकणावर निखारे. वरून-खालून विस्तव, बेबिंकेसारखाच, फक्त अंड्यावाचून. कण्या ओल्या राहिल्या की संपलं, करपल्या तरी संपलं. कडेची खरवड कोणाला, ह्यावरून घरात भांडणं. तो खायचा तर कुणाच्या तरी घरी जायला हवं, आणि तेही पावसाळ्यातच. कणकवलीत हायवेला लागून एवढी हॉटेलं झाली, प्रत्येकात ब्लॅक फॉरेस्ट मिळतो. धोंडस कोणी काचेत मांडून विकत नाही.

"मी मांडतंय," वयनी म्हणाली. "स्टेशनाच्या रस्त्याक. सकाळी एक टोप, सांजवेळी एक टोप. संपलो की बंद."

"गॅसवर की चुलीवर?" भाऊंनी विचारलं.

"ओव्हन घेवचो."

"ओव्हनातलो धोंडस म्हणजे केक झालो!" भाऊ तडकले. निखारे नाहीत तर वरची साल तांबूस होणार नाही, कडेला खरवड धरणार नाही. वयनीचं म्हणणं, स्टेशनाच्या रस्त्यावर निखारे फुंकत कोण बसणार, आणि तीनशे अंशांची भट्टी लिस्बनात चालते तर इथे का नाही. मी म्हटलं, आधी एक टोप दोन्ही पद्धतीने करून बघा. मग खायला मी आहेच.

तर आता अडलंय ते तवश्यावरून. वेल वयनीने लावलेला, तिच्या माटवाखालून गडगा चढून माझ्या बाजूला आलेला, आणि सगळ्यात मोठं पिवळं तवसं लोंबतंय माझ्या पडवीसमोर. वयनी म्हणते, वेल माझा. मी म्हणते, पाणी तीन महिने कोणी घातलं? भाऊ दोघींना वकिलाचा नंबर द्यायला तयार आहेत.