पालकांचा सक्रिय सहभाग

महाराष्ट्राच्या २०११च्या शुल्क विनियमन कायद्याने खासगी शाळांना पालक-शिक्षक संघ सक्तीचा केला आणि कार्यकारी समितीवर इच्छुक पालक सोडतीने घ्यायचे ठरवले. म्हाडाच्या घरासारखेच. नशीब फळफळलेला पालक मग मुख्याध्यापकांच्याच अध्यक्षतेखाली, फीवाढीच्या विषयावर, अत्यंत निर्भीडपणे चहा घेतो.

पण कॉन्व्हेंटच्या पालकांचा खरा उत्साह पाहावा तो डिसेंबरात. सूचना येते : गव्हाणीचा देखावा विद्यार्थ्यांनी स्वहस्ते करावा. आदल्या रात्री साडेअकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा होते, ‘मेंढ्यांसाठी कापूस कुणाकडे शिल्लक आहे?’ स्थापत्य अभियंता असलेल्या एका वडिलांनी गोठ्याच्या छपराला कोकणातला पाऊस धरून उतार दिला. गौरींच्या माळा बेथलेहेमवर चढल्या. योसेफच्या दाढीला फेविकॉल लागला, आणि माप चुकल्याने बाळ येशू गाढवाहून अंगापिंडाने भरला. चिरंजीव तोवर झोपले होते; सकाळी उत्तेजनार्थ बक्षीस मात्र त्यांनी अतिशय विनयाने स्वीकारले.

ही निष्ठा पाहता आमची नम्र सूचना आहे की, प्रवेश थेट पालकांनाच द्यावा. गणवेश, डबा, सकाळची प्रार्थना, उशिरा आल्यास फाटकाबाहेर उभे राहणे, सगळेच. (शेवटच्याची सवय आहेच.) मुलांना स्नेहसंमेलनाला निमंत्रित म्हणून बोलवावे, पुढच्या दोन रांगा राखून.

शाळाही दूरदृष्टीची आहे. गेल्या सभेच्या विषयपत्रिकेत सातवा विषय होता : शालेय उपक्रमांत विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवणे. वेळेअभावी तो सर्वानुमते पुढे ढकलण्यात आला.