शिलेदार

मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. सरकारी पागेतला घोडा आणि सरकारी हत्यार घेऊन दरमहा वेतन उचलणारा तो बारगीर. आणि स्वतःच्या घोड्यानिशी, स्वतःच्या हत्यारानिशी चाकरीस रुजू होणारा तो शिलेदार. पागा मोडल्या, दप्तरे पुराभिलेखागारात जाऊन निजली, आणि त्याबरोबर हा वर्गभेदही लयास गेला अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी भल्या पहाटे पुण्याच्या पौड रस्त्यावर उभे राहावे आणि मुळशी-ताम्हिणीच्या रोखाने निघालेल्या जीपगाड्या न्याहाळाव्यात. कंपनीने जेवढी अश्वशक्ती दिली तेवढ्यावर संतुष्ट राहून, ठरल्या मुदतीत सर्व्हिसिंग करवून, वॉरंटीची पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवणारा जो सज्जन, तो बारगीर. आणि कंपनीचे घोडे हे केवळ मूळ भांडवल मानून त्यांत पदरमोड करून वीस-पंचवीसांची भर घालणारा, त्या पायी वॉरंटीस तिलांजली देऊन बसलेला जो इसम, तो आमचा शिलेदार.

दिसायला तो मुळीच लढवय्या नसतो. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, डोक्यावरचे केस मागे हटू लागलेले, कमरेला पट्टा (तरवारीचा नव्हे, हाडवैद्याने दिलेला), आणि धंद्याने बहुधा दंतवैद्य, सनदी लेखापाल किंवा संगणक-कंपनीतला अधिकारी. उभ्या आयुष्यात ज्याने मुदतठेवीपलीकडे धाडस केले नाही, जो हॉटेलात पाण्याची बाटली सीलबंद आहे की नाही हे दोनदा तपासतो, आणि ज्याने स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्रा वैद्याच्या अनुज्ञेवाचून अर्ध्या मिलिग्रॅमने कधी बदलली नाही, तोच मनुष्य आपल्या गाडीच्या टर्बोचा दाब एका अपरिचित तरुणाच्या हवाली निःशंकपणे करतो, हे मनुष्यस्वभावाचे एक गूढ मला आजतागायत उलगडलेले नाही.

त्याच्या घराण्याची परंपरा मात्र जुनी आहे, आणि ती तो प्रत्येक नवागताला चहा येईपर्यंत ऐकवतो. दुसरे महायुद्ध संपले, लष्कराने टाकून दिलेल्या विलीज जीपा लिलावात निघाल्या. १९४५ साली महिंद्र अँड महंमद नावाची कंपनी निघाली, फाळणीनंतर तिच्यातले गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर-जनरलही झाले, आणि इकडे उरलेल्यांनी कंपनीचे नाव पालटून मुंबईत जीप जुळवण्यास आरंभ केला. ‘म्हणजे बघा,’ असे म्हणून तो जरा थांबतो, आणि काय बघायचे ते सांगत नाही. त्या मूळ विलीजचे २,१९९ सी.सी.चे पेट्रोल-इंजिन अवघे ६० अश्वशक्तीचे होते, आणि तेवढ्यावर तिने युरोपापासून ब्रह्मदेशापर्यंत चिखल तुडवला, ही गोष्टही तोच अभिमानाने सांगतो. ती सांगताना स्वतःच्या दारात उभ्या असलेल्या १०५ अश्वशक्तीच्या गाडीला अपुरे का म्हणतो, असा प्रश्न विचारण्याइतका उर्मटपणा चहा पिणाऱ्याच्या अंगी नसतो. ज्या पूर्वसूरींनी त्या डिस्पोजलच्या जीपांची पेट्रोलची इंजिने उतरवून डिझेलची चढवली, तेही फेरफारवालेच. परंतु त्यांचा हेतू चार पैसे वाचावेत हा होता. आजचा शिलेदार चार पैसे खर्च व्हावेत म्हणून तोच उद्योग करतो, एवढाच काय तो काळाचा फरक.

आता त्याच्या सिद्धान्ताकडे वळू. शिलेदाराचे दर्शन असे की, शक्ती ही इंजिनाच्या ठायी मूळचीच वसत असते. कंपनीने तिच्यावर आवरण घातले आहे आणि ते दूर सारणे एवढेच साधकाचे काम. त्याला तो पुरावाही देतो, आणि खेदाची गोष्ट अशी की तो पुरावा खरा असतो. एकाच स्कॉर्पिओ-एनच्या स्वस्त नमुन्यात २,१८४ सी.सी.चे डिझेल-इंजिन १३० अश्वशक्ती देते आणि महाग नमुन्यात १७२! ‘मग वरचे ४२ कुठे गेले? कुणी खाल्ले?’ असा सवाल तो लाचलुचपत-प्रतिबंधक खात्याच्या अधिकाऱ्याच्या स्वरात करतो. एकच इंजिन राजस्थानच्या वाळूत आणि लेहच्या विरळ हवेत चालायचे, त्यात कोणत्या गावचे कसले डिझेल पडेल याची शाश्वती नाही, मालक थंड इंजिनावरच पाय दाबणार, गिअरपेटीची सहनशक्ती ठरलेली, धुराचे नियम दर काही वर्षांनी कडक होत जाणारे, तेव्हा कारखानदाराला हात राखूनच हिशेब मांडावा लागतो, हे त्याला कोणी सांगितले तर तो कीव केल्यासारखे हसतो. गंमत म्हणजे त्याचे वास्तव्य पुष्कळदा कोथरुडात असते, आणि १९६६ साली स्थापन झालेली, देशभरच्या वाहनांची चाचणी घेऊन त्यांना दाखले देणारी ए.आर.ए.आय. ही संस्था तिथल्याच वेताळ टेकडीवर वसलेली आहे. म्हणजे ज्या आकड्यांवर टेकडीवरच्या अभियंत्यांनी अनेक महिने यंत्रे राबवून शिक्कामोर्तब केले, ते पायथ्याच्या गॅरेजात दुपारच्या तासाभरात रद्दबातल होतात, आणि टेकडीला त्याचा पत्ताही लागत नाही.

हा विधी पूर्वी मिस्त्री करी. तो लांब पेचकसाचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाशी धरून समाधी लावी, डिझेलपंपाचा एक स्क्रू पाव फेरा फिरवी, आणि ‘आता पळंल बघा, साहेब’ एवढेच भाष्य करून बिडी पेटवी. गाडी पळे, काळा धूरही सोडी, आणि त्या धुराला तो ‘ताकद’ म्हणे. आता त्याच्या जागी दाढी कोरलेला, इंग्रजी-मिश्रित मराठी बोलणारा एक तरुण लॅपटॉप घेऊन येतो. त्याचे हात काळे होत नाहीत. स्टिअरिंगच्या खालच्या खोबणीत तो एक केबल जोडतो, आणि इंजिनाचा कारभार पाहणारी जी ई.सी.यू. नावाची पेटी, तिच्यातले सारे दप्तर उतरवून घेतो. इतक्या फेऱ्यांवर, पाय इतका दाबलेला असता, डिझेल किती सोडावे, कोणत्या क्षणी सोडावे, टर्बोने हवा किती कोंबावी, आणि एकंदर जोर कोणत्या मर्यादेपलीकडे जाऊ देऊ नये, यांचे तक्ते त्यात असतात; त्यांना मंडळी ‘मॅप’ म्हणतात. तो तरुण या तक्त्यांत खाडाखोड करून ते पुन्हा पेटीत चढवतो, याचे नाव रीमॅप. टर्बो-डिझेल असेल तर चतुर्थांश जोर खरोखरीच वाढतो. बिनटर्बोच्या जिप्सीत मात्र तोच खटाटोप करून हाती दोन-चार घोड्यांपलीकडे काही लागत नाही, आणि म्हणून जिप्सीवाले शिलेदार स्वभावाने अधिक कडवट असतात.

ज्यांना मूळ दप्तराला हात लावण्याचे धैर्य नाही, त्यांच्यासाठी एक छोटी डबी मिळते, आणि तिची कार्यपद्धती ऐकून महसूल खात्यात हयात घालवलेल्या माझ्या एका स्नेह्यांचे डोळे पाणावले. डिझेलच्या नळीतला दाब मोजणारा एक सेन्सर असतो. त्याच्या आणि ई.सी.यू.च्या मध्ये ही डबी बसते, आणि दाब प्रत्यक्ष आहे त्याहून कमी असल्याचा खोटा अहवाल वर धाडते. अहवालावर विसंबून असलेली बिचारी ई.सी.यू. दाब वाढवण्याचा हुकूम काढते. दुष्काळ नसता दुष्काळाची आणेवारी दाखवून तगाई मंजूर करवून घ्यावी, तसा हा सारा प्रकार! ‘आमच्या वेळी हे काम तलाठी हाताने करी,’ एवढेच स्नेही म्हणाले.

रीमॅप झाल्यावर गाडी जागच्या जागी फिरत्या रुळांवर पळवून तिच्या जोराचा आलेख काढतात. हा कागद शिलेदार लॅमिनेट करून गाडीच्या कप्प्यात ठेवतो आणि अनोळखी माणसालाही दाखवतो. आलेखावर दोन रेघा असतात, खालची पूर्वाश्रमीची आणि वरची सांप्रतची. आणि त्या दोहोंमधल्या बोटभर जागेसाठी किती खर्च आला, हे घरात फक्त त्याला ठाऊक असते.

परंतु खरा खर्च पुढेच असतो. वाढलेला जोर इंजिनातून निघतो तो प्रथम क्लचला भेटतो, आणि कंपनीचा क्लच या नव्या पाहुण्यास न पेलून घसरू लागतो. सबब जड क्लच बसवावा लागतो, जो चांदणी चौकातल्या खोळंब्यात डाव्या गुडघ्याची परीक्षा पाहतो. क्लच सुधारला की अशक्तपणा गिअरपेटीकडे सरकतो, तिथून प्रॉपेलर-शाफ्टच्या क्रॉसकडे, तिथून अ‍ॅक्सलकडे. आणि एकंदर साखळीतला सर्वांत दुबळा दुवा शोधत शोधत शिलेदार दोन वर्षांत जवळजवळ नवी गाडी विकत घेतो, मात्र सुट्या भागांच्या रूपाने. नाना पेठेत न मिळालेला भाग मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात, तिथे न मिळाल्यास दिल्लीच्या मायापुरीत, आणि सरतेशेवटी जीपांची काशी जी हरियाणातली मंडी डबवाली, तिथून पार्सलाने येतो. हे पार्सल घरी न येता कचेरीच्या पत्त्यावर येते. तरीही घरात कळायचे ते कळतेच.

“अहो, झाली का एकदाची गाडी दुरुस्त?”

“दुरुस्त काय? ती बिघडली कुठे होती?”

“मग तीन आठवडे गॅरेजात काय करत होती?”

“सुधारत होती.”

“बरं. घरातला गीझरही सुधारायचाय. त्याचा पण मॅप आणा तुमच्या त्या मुलाकडून.”

या संभाषणात पत्नीची बाजू मला अधिक अभ्यासपूर्ण वाटते. कारण डोंगरात ज्याची गरज लागते तो वेग नव्हे, तर सावकाश चढण्याचा जोर. आणि तो देण्याची तजवीज कंपनीने आधीच करून ठेवलेली असते. गिअरच्या दांड्याशेजारी जो दुसरा आखूड दांडा असतो, तो ‘फोर-लो’मध्ये ओढला की चाकांकडे जाणारा जोर सुमारे अडीचपट होतो. तेवढ्यासाठी लॅपटॉप लागत नाही, तरुण लागत नाही, डावा हात पुरतो. याउलट हजारो रुपये मोजून मिळवलेली वाढ चौथ्या हिश्श्याची. आणि रुबाबासाठी २९ इंच व्यासाच्या चाकांऐवजी ३३ इंचांची चाके चढवली की रस्त्याला मिळणारा जोर जवळजवळ आठव्या हिश्श्याने घटतो. म्हणजे एका हाताने मिळवलेल्यातले निम्मे दुसऱ्या हाताने दान झाले. हा हिशेब मी एका सनदी लेखापाल शिलेदारासमोर मांडला तेव्हा त्याने तो तपासला, बरोबर असल्याचे मान्य केले, आणि मग अत्यंत शांतपणे सांगितले की, म्हणूनच आता पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचे दात बदलावे लागणार आहेत.

कायद्याची त्याला भीती नाही असे नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ त्याला पाठ आहे. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहनातल्या फेरफारांविषयी दिलेला निर्णयही तो ओळखून आहे. प्रत्येक फेरफारास पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, ही तरतूद त्याने आपल्या मोटारीच्या अंगावरील अलंकार मोजत मोजत मनाशी अनेकदा गुणून पाहिली आहे. परंतु त्याची कैफियत तयार असते. ‘नोंदणीपुस्तकात सी.सी. किती, सिलिंडर किती, रंग कोणता, एवढे लिहिले आहे; त्यांतले मी काय बदलले?’ आणि नाक्यावरचा हवालदारही समोरचा लोखंडी बंपर, विंच, छतावरचे दिवे पाहून पावती फाडतो, ई.सी.यू.मधल्या तक्त्यांची झडती घेण्याचे साधन सरकारने अद्याप त्याच्या हाती दिलेले नाही.

इतक्या सायासाने जमवलेल्या पागेचे समरांगण म्हणजे मावळातला एखादा ओढा. तिथे सात-आठ शिलेदार जमतात, पैकी सहा जण दुसऱ्यांच्या बॉनेटखाली डोके घालून उभे असतात. आमचा गृहस्थ पाण्यात उतरतो, पलीकडच्या काठाच्या चिखलात चाके टेकतात, आणि ज्या क्षणी पाय अलगद ठेवून गाडीला आपल्या मर्जीने चढू द्यायचे, त्याच क्षणी विकत घेतलेले सगळे घोडे तो एकदम उधळतो. टर्बो किंचाळतो, चारही चाके गरगरतात, आणि गाडी पुढे न जाता शिस्तीने खाली जाते. मग बांधावरून हे सारे सौम्य कुतूहलाने पाहत असलेला शेतकरी आपला लाल ट्रॅक्टर घेऊन येतो. तो ट्रॅक्टर त्याच कंपनीचा, चाळीस घोड्यांच्या आतला, कसलाही मॅप न बदललेला.

“दादा, रेस नका देऊ. नुसतं गिअरात टाका अन् सोडून द्या,” शेतकरी सांगतो.

गाडी निघते. शेतकऱ्याने दोर सोडवेपर्यंत शिलेदाराने सोबत्यांना समजावून दिलेले असते की, दोष शक्तीचा नव्हता, टायरमधल्या हवेचा होता.

चार-पाच वर्षांनी अशी गाडी विकायला निघते, कारण नवी आलेली असते. अशा वेळी शिलेदाराला बाजारभावाची जाणीव होते आणि तो त्याच तरुणाला पुन्हा पाचारण करतो. तरुणापाशी मूळ दप्तराची नक्कल राखून ठेवलेली असते. केबल जोडून तो ती परत चढवतो, आणि पाऊण तासात सारे जादा घोडे पागेतून नाहीसे होतात. आलेखाचा कागद कप्प्यातून काढला जातो. जाहिरातीत ‘एकहाती वापर, कंपनी कंडिशन, शहरातच फिरलेली’ असा मजकूर झळकतो.

पहिलाच गिऱ्हाईक तिशीतला असतो. तो बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहतो, इंजिन सुरू करून दोनदा पाय दाबतो, आणि बॉनेट मिटता मिटता त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी करुणा दाटते.

“काका, एवढी गाडी, आणि एवढी वर्षं स्टॉकवरच चालवलीत? हिच्यात काय दडलंय ते तुम्हाला कळलंच नाही हो.”

आमच्या गृहस्थाचा चेहरा लाल होतो, ओठ दोनदा उघडून मिटतात. परंतु जाहिरातीतला शब्द आणि ठरत आलेली किंमत यांच्या दडपणाखाली तो उभ्या जन्मात प्रथमच बारगीर म्हणून गप्प राहतो. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० यांवर सह्या होतात, पैसे खात्यात जमा झाल्याची खूण मोबाइलवर उमटते. मग तो त्या मुलाला फाटकापाशी बाजूला घेतो, इकडेतिकडे पाहतो, आणि एका चिठोऱ्यावर एक नंबर लिहून देतो.

“या पोराला फोन करा. फक्त गाडीचा नंबर सांगा. फाइल त्याच्याकडे तयार आहे.”